बिनपगारी, फुल अधिकारी: इंग्लंडच्या फॅमिली कोर्टातलं मॅजिस्ट्रेटांचं बेंच

लंडन, लेस्टर किंवा मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या जोडप्याचं फिसकटलं, मूल कुणाकडे राहणार यावर जमलं नाही आणि दोघांपैकी एकाने फॅमिली कोर्टात अर्ज टाकला, की समोर न्यायाधीशच असेल असं नाही. पुष्कळदा तिथे तीन साधी माणसं बसलेली असतात. एखादी निवृत्त मुख्याध्यापिका, एखादा दुकानदार, एखादी बँकेत नोकरी करणारी. डगला नाही, कायद्याची पदवी लागत नाही, पगार नाही. प्रवासखर्च आणि बुडालेल्या कमाईपोटी ठरावीक भत्ता, एवढंच. पण तुमचं मूल शनिवारी रात्री कोणाच्या घरी झोपेल हे ठरवायचा अधिकार पुरेपूर. आपल्याकडे याला बिनपगारी फुल अधिकारी म्हणतात. तिकडे म्हणतात ले मॅजिस्ट्रेट. ‘ले’ म्हणजे वकिली पेशाबाहेरचा माणूस.

ही सेवा कशी आहे, याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही, कारण सगळं तुमच्या प्रकरणावर अवलंबून आहे. भेटींचं वेळापत्रक बसवायचं असेल, म्हणजे एकाआड एक शनिवार-रविवार, सुट्ट्यांची वाटणी, आणायला-सोडायला कोण जाणार असे वाद असतील, तर पाचपैकी चार तारे. घरातल्या छळाचे आरोप असतील तर दोन, आणि तेही बेंचला कायदा समजावून सांगणारा लीगल ॲडव्हायझर बरा मिळाला तर.

हे इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंडमध्ये असे वाद शेरिफ, म्हणजे तिथला न्यायाधीश, एकटाच ऐकतो. उत्तर आयर्लंडमध्ये एक डिस्ट्रिक्ट जज आणि त्याच्या दोन बाजूंना दोन ले मॅजिस्ट्रेट असं मिश्र बेंच बसतं. खरं सांगायचं तर तिन्हींत तोच मेळ जास्त पटतो: कायदा जाणणारा एक, जग पाहिलेले दोन.

इंग्लंडात ही परंपरा १३६१ सालच्या कायद्यापासूनची. आजचं एकत्रित फॅमिली कोर्ट मात्र २२ एप्रिल २०१४ला सुरू झालं. त्यात मॅजिस्ट्रेट सगळ्यात खालच्या पायरीवर, त्यांच्या वर डिस्ट्रिक्ट जज, मग सर्किट जज, मग हायकोर्टाचे न्यायाधीश. मॅजिस्ट्रेट व्हायला वय १८ ते ७४ चालतं, ७५व्या वर्षी निवृत्ती. वर्षाला किमान १३ दिवस बसावं लागतं आणि निदान पाच वर्षं काम करायची तयारी दाखवावी लागते. सुरुवातीला प्रशिक्षण, मग अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली काही बैठका, पुढे ठरावीक काळाने मूल्यमापन. फौजदारी बाजू न करता थेट फॅमिली कोर्टासाठीही अर्ज करता येतो. तेरा दिवस हा किमान आकडा आहे आणि पुष्कळजण त्याहून जास्त बसतात. तरी डिस्ट्रिक्ट जज जेवढी प्रकरणं हाताळतो तेवढी यांच्या वाट्याला येत नाहीत. या व्यवस्थेच्या मर्यादा बघताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवावा. बेंचवर स्त्रिया अर्ध्याहून जास्त आहेत, ही चांगली गोष्ट. बहुतेक सभासद पन्नाशीपुढचे आहेत, ही तितकीशी चांगली नाही: दोघंही नोकरी करणाऱ्या, पाळणाघराची फी आणि ट्यूब रेल्वेची वेळ सांभाळणाऱ्या पंचविशी-तिशीतल्या घराचं रहाटगाडगं त्यांना वकिलाने समजावून द्यावं लागतं. वकील नसेल तर तुम्ही.

अर्ज सी१०० या फॉर्मवर करतात आणि त्याची फी अडीचशे पौंडांच्या वर आहे. उत्पन्न कमी असेल तर फीमाफीचा वेगळा अर्ज आहे, तो आधी भरा. त्याही आधी मध्यस्थीची माहिती देणारी एक बैठक करावी लागते, ती मायाम या नावाने ओळखली जाते. छळाचा पुरावा असेल तर तिच्यातून सूट मिळते. मध्यस्थीला जायचं ठरलं तर सरकार ५०० पौंडांपर्यंतचं व्हाउचर देतं, आणि साध्या वादात ते वापरणं कोर्टापेक्षा खरोखरच स्वस्त पडतं. मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक, मूल पळवून नेण्याची भीती यांतलं काही असेल तर सी१०० सोबत सी१ए हा पुरवणी फॉर्म जोडायचा. इथे नेहमीची चूक अशी की सगळं रामायण सी१००च्या चार ओळींच्या चौकटीत कोंबलं जातं आणि सी१ए कोराच राहतो. पहिली छाननी याच कागदांवरून होते, तेव्हा तिथे नसलेली गोष्ट पुढे सहा महिने नसल्यासारखीच असते.

ही छाननी डिस्ट्रिक्ट जज आणि लीगल ॲडव्हायझर करतात. कोणतं प्रकरण कोणाकडे जाणार हे तिथे ठरतं. घर, पेन्शन, पोटगीची रक्कम असे घटस्फोटातले पैशाचे दावे मॅजिस्ट्रेटांकडे येतच नाहीत. मुलाला कायमचं परदेशी नेण्याचा अर्ज, परदेशी कायद्याची गुंतागुंत, तज्ज्ञांच्या साक्षींचा ढीग, अनेक दिवस चालणारी सुनावणी, हेही वर जातं. उरतं ते बेंचकडे. कोर्ट आपण निवडू शकत नाही. पण प्रकरण वरच्या न्यायाधीशाकडे का जावं याचं कारण अर्जात लिहू शकतो आणि वाटप झाल्यावर फेरविचाराची विनंतीही करू शकतो. ‘मला खरा जज हवा’ हे कारण नव्हे. ‘आरोप तीन वर्षांचे, पोलिसांची कागदपत्रं दोन पोलीस दलांकडून यायची, साक्षीदार सहा, दुभाषी लागणार, म्हणजे सुनावणी चार दिवसांची’ हे कारण.

आता या सेवेतला खरा मोलाचा माणूस. बेंचच्या समोर, थोडं खाली बसलेला लीगल ॲडव्हायझर हा बॅरिस्टर किंवा सॉलिसिटर झालेला असतो. कायदा काय म्हणतो हे तो बेंचला सांगतो, वकील नसलेल्या पक्षाला प्रश्न मांडायला मदत करतो, कारणांचा मसुदा लिहून काढतो. निर्णयात मात्र त्याचं मत चालत नाही. बेंच आत विचारविनिमयाला गेलं आणि त्याला कायद्याच्या एखाद्या मुद्द्यासाठी बोलावलं, तर त्याने काय सल्ला दिला हे बाहेर येऊन दोन्ही बाजूंना सांगायला हवं आणि त्यावर बोलायची संधी मिळायला हवी. असं झालं नाही असं वाटलं तर शांतपणे विचारा: ‘आत कायद्याचा काही सल्ला दिला गेला का?’ हा प्रश्न उद्धट मानला जात नाही. २०१३च्या एप्रिलपासून अशा खाजगी वादांत सरकारी खर्चाने मिळणारी वकिलाची मदत जवळजवळ बंद झाली; छळाचा ठरावीक पुरावा असलेल्यांनाच ती, उत्पन्नाच्या अटींसह, मिळते. तेव्हापासून दोन्ही बाजू वकिलाविना आलेल्या, हे दृश्य रोजचं झालं आहे. अशा वेळी सुनावणी न्याय्य होणं न होणं वर बसलेल्या तिघांपेक्षा खाली बसलेल्या या एकावर जास्त अवलंबून असतं. चांगला ॲडव्हायझर बेंचला लोणकढी विधानं गिळू देत नाही. घाईतला नुसता फॉर्म भरून घेतो.

पहिल्या तारखेआधी फॅमिली कोर्टात मुलांचं हित बघणाऱ्या कॅफकॅस या संस्थेचा (वेल्समध्ये कॅफकॅस कमरी) अधिकारी दोघांशी फोनवर बोलतो, पोलिस आणि स्थानिक कौन्सिलकडच्या नोंदी तपासतो आणि कोर्टाला सुरक्षिततेचं पत्र पाठवतो. ते सुनावणीच्या किमान तीन कामकाजाचे दिवस आधी यायला हवं. उशिरा आलं तर वाचायला वेळ मागा. कॉरिडॉरमध्ये उभ्याउभ्या वाचून सही करू नका. फोनवरचं हे बोलणं साधारण अर्ध्या तासाचं, पण बेंचच्या मनावर त्याचा ठसा फार काळ राहतो. शांत खोलीत बसा, तारखा समोर ठेवा, आणि समोरच्याच्या स्वभावावर बोलण्याऐवजी मुलाचा दिवस कसा जातो ते सांगा: किती वाजता उठतो, दम्याचा पंप कोण देतं, शाळेतल्या बाई कोण.

पहिल्या सुनावणीत एका सकाळी अनेक प्रकरणं लावलेली असतात. आधी बाहेर चर्चा, मग आत थोडा वेळ. दबावाखाली ‘चला, होऊन जाऊ दे’ म्हणून संमती दिली जाते ती इथेच. छळाचा मुद्दा असेल तर दोघांची संमती असूनही धोका नाही याची खात्री बेंचने स्वतः करून घ्यायची, असा नियम आहे. प्रॅक्टिस डायरेक्शन १२जे हे त्याचं नाव. हे नाव पाठ करून जा. नुसतं उच्चारलं तरी ॲडव्हायझर सरसावून बसतो.

बोलताना ‘सर’ किंवा ‘मॅडम’. ‘युअर ऑनर’ सर्किट जजसाठी राखून ठेवा. आणि ‘कस्टडी’ हा शब्द घरीच ठेवून जा. चिल्ड्रन ॲक्ट १९८९ लागू झाल्यापासून, म्हणजे १९९१पासून, तो शब्द तिथल्या कायद्यात उरलेला नाही; आता मूल कोणाकडे राहील आणि कोणासोबत वेळ घालवेल एवढंच सांगणारा आदेश असतो. ‘मला कस्टडी पाहिजे’ म्हणणारा बाप किंवा आई मूल म्हणजे जिंकायची वस्तू समजते, असं बेंचला वाटून जातं. अन्यायकारक आहे, पण वाटतं.

मग निष्पक्षपणाचं काय? तिघं बसण्याचा फायदा खरा आहे. एकाचा पूर्वग्रह दुसरा खोडतो, आणि निर्णय बहुमताने होतो. कोण कुठल्या बाजूने होतं हे बाहेर कधीच सांगत नाहीत. दोघांचंच बेंच बसणंही कायद्याने चालतं, पण दोघांचं पटलं नाही तर सगळं पुन्हा नव्या बेंचपुढे. अंतिम सुनावणीला दोघंच दिसले तर निकाल लांबण्याची ही शक्यता गृहीत धरा.

सगळ्या निर्णयांची मोजपट्टी एकच: मुलाचं हित सर्वांत वर. त्यासाठी कायद्याने सात बाबी दिल्या आहेत. मुलाची इच्छा (वय पाहून), त्याच्या शारीरिक, भावनिक आणि शिक्षणाच्या गरजा, बदलाचा परिणाम, त्याचं वय-लिंग-पार्श्वभूमी, त्याला झालेला किंवा होऊ शकणारा अपाय, आईवडिलांची कुवत, आणि कोर्टाच्या हाती असलेले पर्याय. संसार कोणी मोडला ही त्यातली आठवी बाब नाही. आपल्या माणसांची निवेदनं मात्र बहुधा तिथूनच सुरू होतात: लग्नात काय झालं, सासूबाई काय म्हणाल्या, दागिने कुठे गेले. तीन पानी निवेदन लिहायचं तर सात बाबींना सात परिच्छेद द्या, दागिने पैशाच्या दाव्यासाठी ठेवा. पहिल्या सुनावणीआधी कोर्टाने सांगितल्याशिवाय साक्षी-पुरावे दाखल करायचे नसतात, म्हणून व्हॉट्सॲपच्या दोनशे पानांचे स्क्रीनशॉट पाठवणं वायाच जातं.

‘पार्श्वभूमी’ या बाबीत भाषा, सण, आजी-आजोबा सगळं येतं, आणि बेंचवरच्या माणसांना ते सांगावंच लागतं. पुण्याहून सहा महिने येऊन राहणारी आजी ही त्यांच्या नजरेत पाहुणी असते. घरात ती सकाळचा डबा भरते आणि शाळेतून आणते हे लिहिलंत तरच ती सांभाळणारी ठरते. आजी-आजोबांना स्वतः अर्ज करायचा असेल तर सहसा आधी कोर्टाची परवानगी लागते. दुभाषी हवा असेल तर अर्जातच लिहा, आणि ‘मराठी’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर हिंदीचा येतो. नातेवाईक दुभाषी म्हणून चालेल असं गृहीत धरू नका. मॅजिस्ट्रेट स्थानिक असतात, त्यामुळे मंडळाच्या गणपतीत भेटलेली व्यक्ती बेंचवर दिसणं अशक्य नाही. तसं झालं तर सुनावणी सुरू होण्याआधी ॲडव्हायझरला सांगा. निकालानंतर सांगितलेली ओळख तक्रारीसारखी वाटते.

छळाच्या प्रकरणांत दोन ताऱ्यांवर का थांबलो, ते सांगायला हवं. २०२०च्या जूनमध्ये न्याय मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने फॅमिली कोर्टांमध्ये छळाला कमी लेखलं जातं असं सांगितलं, तेव्हा बोट केवळ मॅजिस्ट्रेटांकडे नव्हतं, सगळ्या व्यवस्थेकडे होतं. पुढच्या वर्षी अपील कोर्टाने स्पष्ट केलं की सुटी सुटी मारहाण मोजण्यापेक्षा जोडीदारावर ताबा ठेवण्याचा, कोंडीत पकडण्याचा सगळा आकृतिबंध पाहायला हवा. हा आकृतिबंध दिसायला सराव लागतो. बँकेचं कार्ड काढून घेणं, फोनवर पाळत, व्हिसा रद्द करण्याची धमकी, माहेरी बोलू न देणं यांतली एकेक गोष्ट वेगळी काढली तर क्षुल्लक दिसते. वर्षातून तेरा दिवस बसणाऱ्याला ती जोडून पाहायला वेळ कमी पडतो. त्यात भर म्हणजे दर तारखेला बेंच बदलतं. एकाच बेंचने किंवा निदान एकाच ॲडव्हायझरने प्रकरण पुढे न्यावं अशी अपेक्षा आहे, पण स्वयंसेवकांच्या याद्या तशा जुळत नाहीत, मग तीच कहाणी तिसऱ्यांदा तिसऱ्या तिघांना सांगावी लागते. म्हणून प्रत्येक तारखेच्या शेवटी ‘पुढची तारीख याच बेंचपुढे ठेवा’ अशी विनंती आदेशात नोंदवून घ्या.

संरक्षणाच्या सोयी कागदावर चांगल्या आहेत. २०२१च्या डोमेस्टिक ॲब्यूज ॲक्टनंतर छळाचा बळी ठरलेल्या व्यक्तीला पडदा, वेगळं बसायचं ठिकाण, व्हिडिओवरून साक्ष या सोयींसाठी वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. छळ करणाऱ्याला स्वतः उलटतपासणी घेता येत नाही. २०२२च्या जुलैपासून कोर्ट त्यासाठी वकील नेमू शकतं. अडचण वकील मिळण्याची आहे, आणि तो न मिळाल्याने तारीख पुढे जाते. वेगळी खोली मात्र आठवडाभर आधी लेखी मागा. जुन्या इमारतीत ऐन वेळी ती नसतेच. दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही १९७९पासूनची संस्था मदत करते. कोर्टात सोबतीला कोणी हवं असेल तर सपोर्ट थ्रू कोर्टचे स्वयंसेवक येतात. कायद्याचा सल्ला देत नाहीत, शेजारी बसतात, कागद लावून देतात.

निकालाच्या दिवशी परतीचं तिकीट लवकरच्या गाडीचं काढू नका. जज पुष्कळदा तिथेच तोंडी निकाल देतो. मॅजिस्ट्रेटांना लेखी कारणं द्यावी लागतात, आणि तिघं आत बसून ती तयार होईपर्यंत दोन-तीन तास सहज जातात. ही वाट पाहणं मात्र वसूल होतं. हातात येणारा कागद ही या सेवेची सर्वांत चांगली बाजू आहे. त्यात कोणत्या गोष्टी सिद्ध धरल्या, सात बाबींवर काय विचार केला, कॅफकॅसच्या शिफारशीपासून फारकत घेतली असेल तर का, हे असायला हवं. सातांपैकी चारच दिसल्या, किंवा तुमच्या मुख्य मुद्द्यावर एक ओळही नसेल, तर तिथेच अपिलाचं बीज आहे.

अपिलासाठी २१ दिवस, आणि मॅजिस्ट्रेटांच्या निर्णयाविरुद्ध सर्किट जजकडे जायला आधी परवानगी घ्यावी लागत नाही. डिस्ट्रिक्ट जजने निकाल दिला असता तर ती लागली असती. खालच्या पायरीवर प्रकरण गेल्याचा हा एक छुपा फायदा. पण अपील म्हणजे पुन्हा सगळी सुनावणी नव्हे. निर्णय चुकीचा होता किंवा प्रक्रियेत गंभीर दोष होता हे दाखवावं लागतं, आणि तोवर मूळ आदेश पाळावाच लागतो. मॅजिस्ट्रेट उर्मटपणे वागले ही तक्रार वेगळी, ती तीन महिन्यांच्या आत, वेगळ्या समितीकडे. निकालाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकणं कोर्टाचा अवमान ठरू शकतं, कागद कितीही तुमच्या बाजूने असो.

भारतात सुट्टीला जायचा प्रश्न बहुतेक मराठी घरांत येतो. मूल ज्याच्याकडे राहतं असं आदेशात लिहिलं आहे तो पालक महिन्याच्या आतल्या प्रवासासाठी मुलाला नेऊ शकतो. आदेशच नसेल तर पालकत्वाची जबाबदारी असलेल्या दुसऱ्याची संमती हवी, नाहीतर तो गुन्हा ठरू शकतो. भारताने मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८०च्या हेग करारावर सही केलेली नाही, त्यामुळे समोरच्याने हरकत घेतली तर कोर्ट तीन गोष्टी तोलतं: न परतण्याची शक्यता किती, तसं झालं तर मुलाचं नुकसान किती, आणि परत आणायची हमी कितपत भक्कम. परतीची तिकिटं, राहण्याचे पत्ते, ठेव म्हणून रक्कम, भारतातल्या कोर्टाकडून तसाच आदेश मिळवणं, या हमी. असा वाद मॅजिस्ट्रेटांपुढे लागला असेल तर पहिल्याच दिवशी तो वर पाठवायला सांगा.

राहिला आदेशाचा मसुदा. आदेश मोडणाऱ्याला कोर्ट ४० ते २०० तास बिनपगारी काम करायला लावू शकतं, पण मोडलं काय हे शब्दांतून स्पष्ट व्हायला हवं. ‘सणासुदीला वाजवी भेट’ हे वाक्य मोडताच येत नाही. ‘दिवाळीची सुट्टी’ही लिहून घेऊ नका, दिवाळी दर वर्षी हलते आणि तिथल्या बहुतेक शाळांना तिची सुट्टी नसते. असं लिहून घ्या: लक्ष्मीपूजनाच्या दिवशी शाळा सुटल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत, सम वर्षी आईकडे, विषम वर्षी बाबांकडे, शाळेच्या फाटकावरून घ्यायचं, शाळा नसेल त्या दिवशी दुपारी साडेतीनला आईच्या दारातून. बेंचला लक्ष्मीपूजन कोणत्या दिवशी ते माहीत नसतं. पुढच्या पाच वर्षांच्या तारखांची यादी सोबत जोडा.